टर्नटेबल बदलले तरी हमिंग तसेच: महागड्या खरेदीआधी करायची तपासणी

घरच्या ध्वनियंत्रणेतली एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते आणि बहुतेक वेळा ती चुकीच्या टोकाकडून सोडवायला घेतली जाते. रेकॉर्ड लावली की गाण्यामागे ‘घूं’ असा अखंड आवाज येत राहतो. टर्नटेबल साधे आहे म्हणून असे होत असावे, असे समजून दुप्पट-तिप्पट किमतीचे नवे यंत्र आणि त्याच्यासोबत मूव्हिंग कॉइल जातीची चांगली कार्ट्रिज (सुई आणि तिची हालचाल विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) घेतली जाते, आणि घरी आणून जोडल्यावर लक्षात येते की तो आवाज गेलेला तर नाहीच, उलट वाढला आहे. विक्रेता यंत्र तपासून ते निर्दोष असल्याचे सांगतो आणि ते खरोखरच निर्दोष असते. दोष दुसरीकडे असतो. जुन्या, कमी संवेदनशील यंत्रणेत तो अर्धवट झाकलेला होता, एवढेच.

आकडे पाहिले की कारण लगेच स्पष्ट होते. मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे सुईबरोबर चुंबक हलणारी, कार्ट्रिज साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टचा सिग्नल देते, तर मूव्हिंग कॉइल, म्हणजे सुईबरोबर तारेचे वेटोळे हलणारी, कार्ट्रिज बहुधा ०.२ ते ०.५ मिलिव्होल्टच देते. म्हणून पहिलीसाठी कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या फोनो प्रीअ‍ॅम्पला सुमारे ४० डेसिबल, म्हणजे शंभरपट वाढ द्यावी लागते आणि दुसरीसाठी सुमारे ६० डेसिबल, म्हणजे हजारपट. शिवाय १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए (अमेरिकेतील रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) पद्धतीनुसार रेकॉर्ड तयार करताना खर्जाकडचा भाग दाबलेला असतो आणि वाजवताना तो पुन्हा उचलावा लागतो. ५० हर्ट्झपाशी ही उचल १ किलोहर्ट्झच्या तुलनेत सुमारे १७ डेसिबल, म्हणजे जवळजवळ सातपट भरते. आपल्या घरातली वीज नेमकी ५० हर्ट्झची असल्यामुळे वायरिंगमधून, अर्थिंगमधून किंवा शेजारच्या ट्रान्सफॉर्मरमधून शिरलेला किंचितसा अंशही या उचलीत सापडतो. त्यामुळे वरच्या श्रेणीची कार्ट्रिज घेणे म्हणजे असलेला दोष दहापट मोठ्याने ऐकण्याची सोय करणे ठरू शकते. दोषाची जागा निश्चित झाल्याशिवाय मोठ्या खरेदीला हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जागा शोधण्यासाठी कोणतेही महागडे उपकरण लागत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढा संयम पुरतो. टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) त्याच्या आधारावर ठेवून, अ‍ॅम्प्लिफायर फोनो इनपुटवर लावून आवाज नेहमी ऐकतो त्या पातळीवर आणावा आणि टर्नटेबलचा विजेचा प्लग भिंतीतून काढावा. हमिंग तसेच राहिले तर मोटर आणि तिचा वीजपुरवठा यांच्यावरचा संशय दूर होतो. त्यानंतर आवाज पूर्ण कमी करून टर्नटेबलकडून येणाऱ्या दोन्ही आरसीए पिना प्रीअ‍ॅम्पमधून काढाव्यात, त्या जागी शॉर्टिंग प्लग (इनपुटची दोन्ही टोके आपसांत जोडणारे) लावावेत आणि आवाज हळूहळू पुन्हा वाढवावा. एवढ्यावर शांतता झाली, तर दोष कार्ट्रिज, टोनआर्मच्या तारा, केबल किंवा अर्थ वायर यांच्यापैकी कशात तरी आहे. शांतता झाली नाही, तर तो प्रीअ‍ॅम्पमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे आणि टर्नटेबल कितीही बदलले तरी जाणार नाही. शॉर्टिंग प्लग न लावता इनपुट नुसते उघडे ठेवून निष्कर्ष काढू नये, कारण उघडे इनपुट स्वतःच अँटेनासारखे काम करते.

आवाजाची जात ओळखता आली तर काम आणखी सोपे होते. मऊ, खोल, जवळजवळ एकसुरी घुमणे बहुधा ५० हर्ट्झचे असते आणि ते अर्थिंगकडे किंवा जवळच्या चुंबकीय क्षेत्राकडे बोट दाखवते. थोडे वरचे, खरखरीत, भुंग्यासारखे वाटणारे गुणगुणणे १०० हर्ट्झचे आणि त्याच्या पटींतले असते. ते जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या वीजपुरवठ्यातील थकलेल्या कपॅसिटरमुळे येऊ शकते, तसेच पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा एलईडी दिव्याचा ड्रायव्हर यांच्यामुळेही येऊ शकते. खोलीतले पंखे-दिवे एकेक करून बंद करत गेल्यास दोन मिनिटांत निर्णय लागतो. मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारे एखादे मोफत अ‍ॅप घेतले तर शिखर ५० वर आहे की १०० वर, हे डोळ्यांनीही पाहता येते.

आता अर्थ वायरकडे वळू. टर्नटेबलकडून येणारी बारीक, बहुधा हिरवी किंवा काळी तार प्रीअ‍ॅम्पच्या मागच्या अर्थ स्क्रूला घट्ट बसली पाहिजे. समुद्राजवळच्या इमारतींत खारट हवेने हा स्क्रू आणि आरसीए पिना काळवंडतात आणि जोड नावापुरता उरतो. पावसाळ्यानंतर एकदा हे सांधे उघडून, कोरड्या कापडाने पुसून पुन्हा बसवणे हा नियमच करावा. तार काढल्यावर हमिंग वाढत असेल तर ती तार आपले काम करत आहे. तार काढल्यावर ते कमी होत असेल, तर अर्थिंगला एकाहून अधिक वाटा आहेत आणि त्या वाटांचे वर्तुळ तयार झाले आहे, असे समजावे. रेगा या ब्रिटिश कंपनीच्या टोनआर्मबाबत एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: त्याला स्वतंत्र अर्थ वायर नसते, ती जोडणी डाव्या चॅनेलच्या केबलच्या जाळीतूनच होते. तार हरवली असे समजून बाहेरून एक जादा तार जोडली, तर नसलेले वर्तुळ तयार होऊ शकते.

मुंबईतल्या घरांत अशा वर्तुळाचा एक उगम सहज नजरेतून सुटतो, तो म्हणजे केबल टीव्हीची वायर. दादरमधल्या परिचयाच्या एका घरी वडिलांच्या संग्रहासाठी मुलाने चांगले टर्नटेबल आणले होते आणि हमिंगपायी ते परत करण्याचा विचार चालू होता. अ‍ॅम्प्लिफायर एका साध्या आरसीए केबलने टीव्हीलाही जोडलेला होता, टीव्ही सेट-टॉप बॉक्सला, आणि त्या बॉक्समध्ये गच्चीवरून खाली आलेली केबलवाल्याची काळी वायर लावलेली होती. टर्नटेबलला हात न लावता मी त्या वायरचे पितळी टोक बॉक्समागून फिरवून सोडवले. घुमणे त्याच क्षणी थांबले. आजोबा आतल्या खोलीतून बाहेर आले आणि म्हणाले, “बाळ, बंद का केलंस?” सुई रेकॉर्डवरच होती, दोन गाण्यांमधली रिकामी जागा पहिल्यांदाच रिकामी ऐकू येत होती. त्या घरात टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये तांब्याच्या केबलऐवजी ऑप्टिकल केबल लावण्यात आली. ऑप्टिकल केबलमधून फक्त प्रकाश जातो, विजेला वाट राहत नाही, त्यामुळे वर्तुळ कायमचे तुटले. ज्या अ‍ॅम्प्लिफायरला ऑप्टिकल इनपुट नसेल, त्याच्यासाठी एक छोटा डीएसी (डिजिटल सिग्नलचे साध्या ध्वनिसिग्नलमध्ये रूपांतर करणारा डबा) मध्ये बसवावा लागतो आणि तो लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो.

हमिंग घालवण्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरच्या तीन पिनांच्या प्लगमधली मोठी पिन काढून टाकण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो आणि त्याने आवाज कधीकधी थांबतोही. हा सल्ला कोणीही, कोणत्याही परिस्थितीत मानू नये. यंत्राच्या धातूच्या पेटीत २३० व्होल्ट उतरले तर ते जमिनीत नेणारी तीच एक वाट असते. जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरे भोक असले तरी त्याच्या मागे अर्थची तार जोडलेलीच नसते, असे पुष्कळदा आढळते. म्हणून परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट उघडून पाहावे, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजून घ्यावा आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो आधी बसवावा. ध्वनियंत्रणेवर करायच्या खर्चात हा खर्च मी सर्वांत वर ठेवतो. त्यानंतर टर्नटेबल, प्रीअ‍ॅम्प आणि अ‍ॅम्प्लिफायर ही तिन्ही एकाच सॉकेटवरच्या चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्यावीत.

हमिंगचा एक प्रकार असा की टोनआर्म रेकॉर्डच्या मध्याकडे सरकेल तसे ते वाढते किंवा कमी होते. कार्ट्रिज एखाद्या ट्रान्सफॉर्मरच्या किंवा मोटरच्या चुंबकीय क्षेत्रात शिरत असल्याची ती खूण आहे. आपल्या लहान घरांत सगळी यंत्रे एकाच शोकेसमध्ये एकमेकांच्या डोक्यावर रचलेली असतात. अ‍ॅम्प्लिफायर टर्नटेबलच्या डाव्या बाजूला, म्हणजे टोनआर्मपासून दूर, जमेल तितका लांब नेऊन पाहावा.

हमिंग नसून ‘धप्प’ असा आवाज येत असेल, कोणी चालले की सुई उडत असेल किंवा आवाज वाढवल्यावर स्पीकर घुमू लागत असेल, तर तो जमिनीचा प्रश्न आहे. गिरगाव, ठाकूरद्वार, काळबादेवी इथल्या चाळींमध्ये लाकडी तुळयांवरच्या फळ्यांची जमीन अजून आहे. गॅलरीतून माणूस गेला तरी खोलीतले कपाट किंचित हलते. अशा जमिनीवर जड टर्नटेबल जड स्टँडवर ठेवून काही साध्य होत नाही, कारण स्टँड जमिनीबरोबरच हलतो. इथे उपाय एकच, तो म्हणजे भिंतीतली शेल्फ. तीही चार इंची पार्टिशनमध्ये न घेता नऊ इंची भिंतीत. मात्र बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल, तर आधी ओलीचा बंदोबस्त करावा. आरसीसी स्लॅबच्या इमारतीत उलट परिस्थिती असते: तिथे जमीन पक्की असते आणि दणकट स्टँड पुरतो, स्पीकर आणि टर्नटेबल एकाच फर्निचरवर ठेवू नयेत, एवढे पथ्य पाळावे. परीक्षा सोपी आहे. टर्नटेबल बंद ठेवून, न फिरणाऱ्या रेकॉर्डवर सुई टेकवावी, आवाज सावकाश वाढवावा आणि शेल्फवर बोटाने हलके टकटक करावे. टकटक स्पीकरमधून मोठी होऊन येत असेल किंवा तिच्यामागे घुमणे सुरू होत असेल, तर आवाज लगेच कमी करावा आणि आधी बैठकीचा विचार करावा.

टर्नटेबल निवडताना हा मुद्दा थेट कामी येतो. टेक्निक्सचे एसएल-१२००जी १८ किलोचे आहे, तर रेगाचे प्लॅनर ८ जेमतेम चार किलोंच्या आसपास. हलके पण ताठ असावे, हाच रेगाचा विचार आहे. चाळीतल्या भिंतीवरच्या शेल्फसाठी दुसऱ्या प्रकारचे यंत्र मला अधिक योग्य वाटते आणि नव्या इमारतीतल्या दिवाणखान्यासाठी पहिले. लिनच्या एलपी१२ सारख्या स्प्रिंगवर तरंगणाऱ्या यंत्राची रचना उत्तम आहे, परंतु लवचिक लाकडी जमिनीवर स्प्रिंग आणि जमीन एकमेकींच्या हालचालीत भर घालतात, त्यामुळे तेही भिंतीवरच घ्यावे.

कार्ट्रिज आणि टोनआर्म यांची जोडी जमली नाही तरी पावलांचा त्रास वाढतो. १५९ या संख्येला एकूण वजन (ग्रॅममध्ये) आणि कार्ट्रिजची लवचिकता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागले की जोडीची नैसर्गिक कंपनसंख्या मिळते आणि ती ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असावी. टोनआर्मचे परिणामी वजन ११ ग्रॅम, कार्ट्रिज ७, स्क्रू १ आणि लवचिकता २० धरली, तर उत्तर ८ च्या किंचित वर येते. त्याच कार्ट्रिजला अधिक जड टोनआर्म दिला, तर ते वाकड्या रेकॉर्डच्या आणि पावलांच्या हालचालींच्या पट्ट्यात उतरते. विक्रेता किमतीवरून जोडी सुचवत असेल, तर हे तीन आकडे त्याच्याकडून मागून घ्यावेत.

वेगाची तक्रार वेगळ्या वाटेने येते. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेले किंवा तिथून येताना आणलेले टर्नटेबल ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून सुरू केले जाते आणि गाणे जड, मंद वाटते. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. सिंक्रोनस मोटरचा वेग विजेच्या कंपनसंख्येवर ठरत असल्यामुळे ६० हर्ट्झसाठी घडवलेले यंत्र आपल्याकडे ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेऱ्यांवर चालते. सूर तीन अर्धस्वरांहून थोडा जास्त उतरतो: काळी चारची गायिका पांढरी चारच्याही किंचित खाली गेलेली ऐकू येते. उपाय म्हणजे त्याच कंपनीची ५० हर्ट्झची पुली किंवा स्वतःची कंपनसंख्या तयार करणारा वीजपुरवठा. डीसी मोटरच्या किंवा क्वार्ट्झ नियंत्रणाच्या यंत्रांना हा प्रश्न येत नाही. त्यांचा व्होल्टेज तेवढा पाहावा लागतो. वेग तपासताना स्ट्रोबोस्कोपची चकती आजच्या अनेक एलईडी दिव्यांखाली फसवते, कारण ते दिवे पुरेसे लुकलुकत नाहीत. ५० हर्ट्झवरच्या साध्या पिवळ्या बल्बखाली १८० रेषांची चकती स्थिर दिसली पाहिजे.

स्वर हेलकावे खात असेल, विशेषतः तंबोरा किंवा हार्मोनियमचा लांब सूर डोलत असेल, तर नवे यंत्र घेण्याआधी नवा बेल्ट घालून पाहावा. टोनआर्म प्रत्येक फेरीला डावी-उजवीकडे झुलताना दिसत असेल, तर रेकॉर्डचे भोकच मध्यावर नाही. भोक एक मिलिमीटर सरकले तरी मधल्या भागात सूर सुमारे एक टक्का वर-खाली होतो आणि जगातले कोणतेही सर्वसाधारण टर्नटेबल ते दुरुस्त करू शकत नाही.

बाजू संपत आली की ‘स’, ‘श’, ‘च’ फाटल्यासारखे ऐकू येणे, ही तक्रार मात्र खऱ्या अर्थाने वरच्या श्रेणीच्या उपकरणाने सुटू शकते, आणि तिथेही सुटते ती बहुधा कार्ट्रिजने. रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला सुईखालून खोबण सेकंदाला सुमारे अर्धा मीटर सरकते. आत, मध्यापासून ६ सेंटिमीटरवर, तो वेग सुमारे ०.२१ मीटरवर येतो. तेवढ्याच ध्वनीसाठी जागा निम्म्याहून कमी उरते आणि गोल टोकाची सुई त्या दाटीवाटीत शिरू शकत नाही. प्रथम मांडणी तपासावी. प्रोट्रॅक्टरवर (कार्ट्रिजचा कोन तपासायच्या रेघांच्या पट्टीवर) साधारण ६६ आणि १२१ मिलिमीटरवरच्या दोन्ही बिंदूंवर सुई टेकवली की कार्ट्रिज रेघांशी समांतर दिसली पाहिजे. सुईचा भार उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे, उदाहरणार्थ ऑर्टोफॉनच्या २एम ब्ल्यूसाठी १.८ ग्रॅम, काट्यावर मोजून ठेवावा. सोनाराचा खिशातला काटा चालतो, पण त्याची ताटली लोखंडी नसावी. कार्ट्रिजमधले चुंबक तिला ओढते आणि आकडा खोटा येतो. हे सगळे बरोबर असूनही आवाज फाटत असेल, तर दुसरी, कमी वाजलेली रेकॉर्ड लावून पाहावी. जड पिकअपवर वर्षानुवर्षे वाजलेल्या रेकॉर्डची खोबण कायमची दुखावलेली असते. नवी रेकॉर्डही फाटत असेल, तेव्हा लंबवर्तुळाकृती किंवा त्याहून बारीक घडणीच्या सुईचा विचार करावा. सुईचे आयुष्यही मोजावे: हिऱ्याच्या सुईने साधारण हजार तास पार केल्यावर तिच्याकडून निर्मळ आवाजाची अपेक्षा ठेवू नये.

चर्रचर्र आणि टकटक आवाजांसाठी आपल्या हवेला दोष द्यावा लागतो. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद राहिलेल्या रेकॉर्डवर बुरशी धरते आणि ती खोबणीत बसते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून विनाइल रेकॉर्ड धुता येतात. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डला मात्र अल्कोहोलचा थेंबही लागू देऊ नये, लाख त्यात विरघळते.

या ७८ च्या रेकॉर्डमुळेच मराठी घरांत निवड बदलते. नाट्यपदे आणि भावगीते यांचा मोठा साठा लाखेवर आहे, आणि वरच्या श्रेणीच्या पुष्कळ टर्नटेबलांना ३३ आणि ४५ हे दोनच वेग असतात. टेक्निक्सच्या एसएल-१२००जी, जीआर आणि एसएल-१५००सी यांना ७८ चा वेग आहे. त्याच्यासोबत वेगळी सुईही लागते, कारण लाखेची खोबण रुंद असते: एलपीची गोल सुई सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येची, तर ७८ ची ६५ ते ७५ मायक्रॉनची. म्हणून हेडशेल (कार्ट्रिज बसवायचे टोनआर्मचे टोक) काढता-घालता येणारा टोनआर्म अशा घरात फार सोयीचा पडतो, मग त्याच्या ताठपणात किंचित तडजोड झाली तरी चालेल.

वरची सर्व तपासणी होऊन दोष खरोखर टर्नटेबलमध्येच आढळला, म्हणजे बेअरिंग खडखडत असेल, टोनआर्मचे सांधे सैल असतील किंवा नव्या बेल्टनंतरही सूर डोलत असेल, तर खरेदी जरूर करावी आणि मोकळ्या मनाने करावी. विक्रेत्याकडून यंत्र २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचेच असल्याची लेखी खात्री घ्यावी, बेल्ट आणि सुई मुंबईत कोणाकडे मिळेल ते विचारावे आणि घरी येऊन मांडणी कोण करून देणार ते ठरवून घ्यावे. दोन टर्नटेबलांची तुलना ऐकताना दोन्हींवर एकच कार्ट्रिज, एकच प्रीअ‍ॅम्प आणि घरून नेलेली एकच रेकॉर्ड लावण्याचा आग्रह धरावा. कार्ट्रिज वेगळी असेल तर कानाला जाणवणारा फरक बहुतांशी तिचाच असतो.